काइटसर्फिंगच्या लाइनी किती जाड घ्याव्यात?

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून जाणं. प्रश्न थोडक्यात असा आहे. वजन ८२ किलो. हवा भरायचे दोन काइट, ९ आणि १२ चौरस मीटरचे, आणि दोन्ही काइटना मिळून एकच बार, म्हणजे हातात धरायचा दांडा, ज्यापासून चार लाइनी काइटपर्यंत जातात. जागा अलिबागजवळचं नागाव, अधूनमधून तारकर्ली. बारवरच्या लाइनी झिजल्यात आणि बदलायच्या आहेत. एक मित्र म्हणतो, पातळ घे, काइट झटकन वळतो. दुसरा म्हणतो, कोकणात खडपं, कालवं, जाळी, सगळंच आहे, सरळ जाड घे. मग नेमक्या किती मिलिमीटरच्या घ्यायच्या?

उत्तर आधी देतो. पुढच्या दोन लाइनी (काइटच्या पुढच्या कडेला जाणाऱ्या) प्रत्येकी ३०० किलोच्या, म्हणजे तेवढ्या भाराला तुटणाऱ्या; मागच्या दोन (मागच्या कोपऱ्यांना जाणाऱ्या) २०० ते २३० किलोच्या. लांबी सध्या बारला आहे तेवढीच. चारही एकाच वेळी बदला, एकाच कंपनीच्या घ्या. मिलिमीटरचा आकडा त्यातून आपोआप येईल: पुढच्या साधारण दीड ते पावणेदोन, मागच्या त्याहून जराशा पातळ.

मिलिमीटरवरून लाइन निवडूच नका, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्या लाइनी डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी येतात. मूळ धागा एकच, अतिशय लांब रेणूंचं पॉलिथिलीन. पण त्यातही प्रती आहेत. एका प्रतीची दीड मिलिमीटरची लाइन जेवढं पेलते, तेवढं वरच्या प्रतीची त्याहून बारीक लाइन पेलते. शिवाय ही विणलेली लाइन बोटात दाबली की चपटी होते, त्यामुळे व्हर्नियरने दोनदा मापली तर दोन वेगळे आकडे येतात. खरा आकडा तुटण्याच्या भाराचा. तो कधी किलोत छापतात, कधी डेकान्यूटनमध्ये, कधी पौंडात. डेकान्यूटन म्हणजे जवळजवळ किलोच. पौंडात असेल तर ४४० म्हणजे २०० किलो, ५०० म्हणजे २२७, ६६० म्हणजे ३००. दुकानदाराला हा आकडा सांगता येत नसेल तर त्याच्याकडून लाइन घेऊ नका.

आता ८२ किलोच्या माणसाला प्रत्येकी ३०० किलोच्या लाइनी कशाला, ही शंका रास्त आहे. बारा-पंधरा नॉटच्या वाऱ्यात सरळ जाताना काइटची ओढ तुमच्या निम्म्या वजनाच्या आसपास असते. उडी मारून खाली येताना, किंवा काइट पाण्यावरून एकदम उठून झेप घेतो तेव्हा, ती वजनाच्या वर जाते. मी हिशेबाला अडीचपट धरतो. म्हणजे तुमच्यासाठी दोनशेच्या जरा वर. दोन पुढच्या लाइनी मिळून ६०० पेलणार असतील तर हे पुष्कळ झालं, असं कागदावर वाटतं.

पण छापलेला आकडा नव्या, सरळ, कोरड्या लाइनचा असतो. टोकाला शिवलेला फास आला की त्यातला थोडा हिस्सा गेला. ३०० चे अडीचशे धरा. मग ऊन, मीठ, वाळू आणि दर वेळी बारवर गुंडाळणं. दोन हंगाम नियमित वापरलेल्या लाइनची ताकद मी निम्मी धरतो, म्हणजे सव्वाशे. आणि मग ती गाठ. लाइनी वाळूवर पसरताना किंवा काइट पाण्यात पडल्यावर सैल पडलेल्या लाइनला आपसूक एक साधी गाठ पडते. आपण ती पाहत नाही, काइट उठतो, गाठ घट्ट बसते. या धाग्यात गाठ म्हणजे ताकद निम्मी, कधी त्याहूनही कमी, कारण तंतू गुळगुळीत असतात आणि गाठीच्या वळणावर सगळा भार मोजक्याच तंतूंवर येतो. सव्वाशेचे उरले साठ. तुमचं वजन ८२.

म्हणून लाइन नवी असतानाच्या आकड्यावर निवडायची नाही. जुनी झाल्यावर, गाठ पडलेल्या दिवशी तिच्यात काय उरलं असेल, त्यावर निवडायची. नव्या लाइनी जवळपास सगळ्याच पुरेशा असतात. फरक पडतो तो दुसऱ्या हंगामाच्या मे महिन्यात.

पातळ लाइन घ्यायला सांगणाऱ्या मित्राचा मुद्दा आता नीट तपासू, कारण तो खोटा नाही. लाइनला वाऱ्याचा अडथळा होतो तो तिच्या जाडीच्या प्रमाणात. ताकद मात्र जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दीड मिलिमीटरवरून सव्वावर नाही, अगदी १.२ वर आलात असं समजा. अडथळा पाचव्या हिश्श्याने कमी झाला. ताकद मात्र ३६ टक्के गेली. आणि मिळालं काय? चोवीस मीटरच्या चार लाइनी, दीड मिलिमीटर जाड, यांचा वाऱ्यासमोरचा एकूण पसारा भरतो ०.१४४ चौरस मीटर. १.२ मिलिमीटरच्या घेतल्या तर ०.११५. फरक ०.०२९, म्हणजे ए-फोर कागदाच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय लाइनचा काइटजवळचा भागच काइटच्या वेगाने हवा कापतो. तुमच्याजवळचा भाग तुमच्याच वेगाने जात असतो. त्यामुळे खरा फायदा याहूनही लहान.

१२ मीटरचा हवा भरलेला काइट, ज्याची पुढची फुगीर नळीच वीतभर जाड, त्याला हा अर्धा कागद कळतसुद्धा नाही. कळतो तो शर्यतीच्या फॉइल काइटला, म्हणजे फुगीर नळी नसलेल्या, कापडी कप्प्यांच्या काइटला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात फॉर्म्युला काइटच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. तिथे काइट आणि फळीला पाण्यावर उचलणारा पाण्याखालचा पंख (त्यालाही फॉइलच म्हणतात) दोन्ही इतके निसटते असतात की लाइनीचा अडथळा एकूण हिशेबात ठळक दिसतो. ते लोक बारीक लाइनी लावतात, पण त्या सतत तपासतात, लवकर बदलतात आणि सोबत मदतीची बोट असते. नागावला शनिवारी दुपारी एकट्याने उतरणाऱ्याला ती निवड लागू नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे बारीक लाइन कोकणातल्या माणसाला खरोखर उपयोगी पडते: मागच्या दोन लाइनी. आपला हंगाम खाऱ्या वाऱ्याचा. जानेवारीनंतर जमीन तापायला लागते, दुपारी वायव्येकडून वारा धरतो, तीन-चारच्या सुमाराला भरात येतो आणि सूर्य कलला की उतरतो. बऱ्याच दिवशी तो दहा-बारा नॉटच्या घरात अडकतो. अशा वाऱ्यात मोठा काइट डोक्यावर असताना मागच्या लाइनींवर ताण जेमतेम असतो, आणि वारा त्यांना मागे ढकलून बाक देतो. तुम्ही बार वळवता तेव्हा आधी तो बाक सरळ होतो, मग काइटला निरोप पोचतो. हात हलला आणि काइट अर्ध्या सेकंदाने हलला, असं जे वाटतं ते बहुतेकदा हेच. ओली जाड लाइन पाणी धरून जड होते, बाक आणखी वाढतो. म्हणून मागे २०० ते २३० किलो. तिथे ३०० लावून वळणं बोजड होतं आणि सुरक्षिततेत फारशी भर पडत नाही, कारण ब्रायडल (पुढच्या कडेवर भार वाटून देणाऱ्या दोऱ्या) असलेल्या आजच्या काइटमध्ये ओढीचा बहुतेक भाग पुढच्या लाइनी घेतात. पण २०० च्या खाली उतरू नका. वरचाच हिशेब १५० किलोच्या लाइनला लावला तर गाठ पडलेल्या जुन्या लाइनमध्ये तीस-बत्तीस किलो उरतात. तेवढ्यात काइट एकदा गोल फिरवला तरी ती जाऊ शकते.

तुमचा काइट ब्रायडल नसलेल्या जुन्या सी आकाराचा असता तर मी चारही सारख्या जाड घ्यायला सांगितलं असतं. त्यात मागच्या लाइनींवर बराच भार येतो. शिकणाऱ्यालाही चारही जाड द्याव्यात. त्याचा काइट पुन्हा पुन्हा आपटतो, लाइनी वाळूत घासतात, आणि जाड लाइन सोडवायला सोपी, दिसायला ठळक.

अजून एक समज वारंवार कानावर येतो: मोठ्या काइटला जाड लाइन, लहानाला बारीक. हे उलट नसलं तरी चूक आहे. लाइनवरचा भार ठरवणारे तुम्ही असता, काइटचा आकार नाही. १२ मीटर तुम्ही हलक्या वाऱ्यात लावता आणि ९ मीटर जोराच्या. दोन्हीकडून ओढ साधारण सारखीच येते, कारण त्याहून जास्त ओढ तुम्हाला फळीवर पेलणारच नाही. झटके उलट ९ वरच जास्त, कारण तो वेगवान आणि वारा जोराचा. त्यामुळे दोन्हींना एकच बार, एकच लाइनी, यात काही चूक नाही.

तुटल्यावर काय होतं, ते माहीत असेल तर कुठली लाइन जपायची ते आपोआप कळतं. मागची एक लाइन तुटली की बार ओढताच काइट उरलेल्या बाजूला गोल फिरत सुटतो. भीतीने माणूस बार आणखी घट्ट धरतो आणि काइट आणखी जोरात फिरतो. बार सोडायचा. पूर्ण सोडायचा. मागची लाइन सैल झाली की काइट पुढच्या दोनवर शांत होतो, मग क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ क्षणात सोडणारी कळ. पुढची एक तुटली तर काइट वेडावाकडा कोसळतो, तिथे सरळ क्विक रिलीज. आता ही व्यवस्था लक्षात घ्या: आजच्या बहुतेक बारमध्ये क्विक रिलीज ओढल्यावर अख्खा काइट पुढच्या एकाच लाइनवर लटकून निर्जीव होतो. ती लाइन म्हणजे तुमचा जीव. ती नेमकी डावी की उजवी, हे तुमच्या बारवर आधी पाहून ठेवा. ती रिलीजच्या वेळी बारच्या मधल्या छिद्रातून घसरत जाते, त्यामुळे बाकी तिघींपेक्षा जास्त झिजते. चारपैकी तीन ठणठणीत आणि ही एक केसाळ, असा बार माझ्या हातात बऱ्याचदा येतो.

तपासायचं कसं, तेही सांगतो, कारण नव्या लाइनी घेतल्यावर हेच काम दर महिन्याला करायचं आहे. सावलीत बसा. लाइन अंगठा आणि तर्जनीत धरून संथपणे ओढत न्या, डोळे मिटून. जिथे खरखर लागेल, चपटं लागेल किंवा अचानक कडक लागेल तिथे थांबा. तो चार बोटं भाग दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे ढकला, म्हणजे वीण फुगते आणि आतलं दिसतं. आत पांढरी पूड असेल तर मीठ, चमचम असेल तर वाळू. दोन्ही आतून तंतू कातरतात. धुऊन घ्या आणि पुन्हा पाहा. बाहेरून नुसती लव आली असेल तर काळजी नाही. एखादा पदर तुटून बाहेर लोंबत असेल तर ती लाइन संपली. फासाजवळचं जाड पॉलिएस्टरचं आवरण मागे सरकवून आतली लाइन पाहायला विसरू नका. बाहेरून टोक नवंकोरं दिसतं आणि आत लाइन अर्धी झिजलेली असते.

जाड घ्यायला सांगणाऱ्या मित्राचा मुद्दा किनाऱ्याचा आहे, आणि तोही खरा आहे. अलिबागची भरती-ओहोटी मोठी. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं चालत जातात. त्याच ओहोटीला ठिकठिकाणी खडपं उघडी पडतात आणि त्यांवर कालवं असतात. कालवाच्या कडेवरून ताणलेली लाइन एकदा घासली की संपली, मग ती १.२ ची असो की दोन मिलिमीटरची. तिथे जाडीने तुम्ही फार तर एखादा क्षण विकत घेता. उपाय जागेचा आहे: लाइनी पसरायच्या त्या फक्त वाळूवर, खडपांपासून शंभर पावलं दूर, आणि भरतीचं वेळापत्रक पाहून. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळीबांधवांना विचारा, "काका, आज जाळं कुठवर टाकलंय?" ते हाताने दाखवतात, तिकडे जायचं नाही. तारकर्ली-देवबागला पॅरासेलिंगच्या बोटी असतात. त्यांच्या दोरापासून तर पुष्कळच लांब.

माणसांच्या बाबतीत मात्र जाडीला अर्थ आहे. हा धागा साधारण १४५ ते १५० अंशांवर वितळतो आणि घर्षणाने तेवढी उष्णता सहज होते, म्हणून ताणलेल्या दोन लाइनी एकमेकींवर सरकल्या की एक दुसरीला क्षणात कापते. कातडीचं काय होत असेल ते सांगायला नको. संक्रांतीतल्या नायलॉन मांज्याने गळे कापले जातात, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या लाइनला काच लावलेली नसते, पण तिच्यावर माणसाएवढा भार असतो. लाइन जितकी बारीक तितकी ती खोल जाते, आणि तितकी कमी दिसते. नागावच्या पुळणीवर शनिवार-रविवार घोडे, एटीव्ही, धावणारी मुलं, सगळं असतं. ठळक रंगाच्या लाइनी घ्या. फिकट राखाडी दिसायला छान, पण वाळूवर गायब होतात. काइट धरायला किनाऱ्यावरचा एखादा मुलगा मदतीला आला तर त्याला काइटची कड धरायला शिकवा आणि लाइनला हात लावायचा नाही हे दोनदा सांगा. हार्नेसमधला (काइट अडकवायच्या कमरपट्ट्यातला) लाइन कापायचा सुरा गंजलेला नाही ना, तेही बघा. खाऱ्या हवेत तो एका हंगामात बोथट होतो.

नव्या लाइनी बसवल्यावरचं काम बरेचजण टाळतात, आणि मग "पातळ घेतल्या म्हणून काइट वाकडा उडतो" असं म्हणतात. लाइन भाराखाली कायमची थोडी लांबते. पुढच्या लाइनींवर भार जास्त, म्हणून त्या जास्त लांबतात. मागच्या उलट मीठ-वाळू भरून फुगतात आणि फुगली वीण आखडते. काही आठवड्यांत मागच्या तुलनेने तोकड्या पडतात, काइट मागे ओढला जातो, हलक्या वाऱ्यात मागच्या मागे पडतो. दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही जाणवतो. त्यामुळे पहिल्या चार-पाच वेळांनंतर आणि पुढे महिन्याकाठी माप घ्या. सुरूच्या जाड बुंध्याला एक मऊ पट्टा बांधा, चारही टोकं त्यात एकाच कडीला अडकवा, बार घेऊन मागे जा, बारचा ट्रिम (पुढच्या लाइनी आखूड-लांब करायची दोरी) पूर्ण मोकळा ठेवून अंगाचा भार टाकून ओढा. बार आडवा आणि चारही सारख्या ताणलेल्या असल्या पाहिजेत. मागच्या तोकड्या असतील तर आधी त्या दोघींना एक-दोन मिनिटं जोर लावून ताणा. बरंच अंतर इथेच भरून निघतं. उरलेलं टोकाच्या गाठी सरकवून. डावी-उजवी वेगळी असेल तर ते आधी दुरुस्त करा.

याच कारणासाठी एकच लाइन तुटली तरी जोडी बदलायची. जुनी एक आणि नवी एक कधीच सारखी ताणत नाहीत. मधेच तुटलेली लाइन गाठ मारून जोडायची तर अजिबात नाही. या पोकळ विणीत पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवावी तसं एक टोक दुसऱ्याच्या आत हातभर सरकवून जोड करता येतो आणि तो गाठीपेक्षा कितीतरी मजबूत असतो, पण तो शिकून घ्या, आणि पुढच्या लाइनींना नकोच.

बंदरावरच्या जाळी-दोरांच्या दुकानातून काही घेऊन भागवावं, असं कोकणात सुचणं साहजिक आहे. नायलॉनचा दोर आणि तंगूस नको. दोन्ही इतके ताणतात की बारवर काहीच नियंत्रण राहत नाही. गळाची विणलेली बारीक दोरी पॉलिथिलीनचीच असते आणि स्वस्त पडते, म्हणून तिच्याबद्दल हमखास विचारलं जातं. तीही नको. १०० पौंडांची म्हणून विकतात ती ४५ किलोची झाली, आधी ताणून घेतलेली नसते आणि अतिशय बारीक असल्याने हात कापते.

प्रत्येक वेळी घरी आल्यावर बार गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. उन्हात नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा समुद्र आपल्यासाठीही बंद समजा, आणि पूर्ण पावसाळाभर लाइनी धुऊन, पूर्ण वाळवून, उंदरांपासून दूर टांगा. जुन्या उतरवलेल्या लाइनी किनाऱ्यावर टाकू नका; त्या कुजत नाहीत, आणि वेळास-आंजर्ल्याच्या पुळणीवर अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्या गळ्यात अडकतात. हातभर तुकडे करून कचऱ्यात द्या.

ऑर्डर देताना मागच्या लाइनींची एक जोडी जास्तीची मागवा, त्याच प्रतीची, त्याच लांबीची. ती अलिबागला ऐनवेळी मिळणार नाही. आणि नव्या लाइनी लावल्याचा महिना-वर्ष बारच्या टोकावरच्या फोमवर न पुसणाऱ्या पेनने लिहून ठेवा.